फॉर्मवरची रात

'रात को कितने बजे सोते हैं?' या प्रश्नातला 'रात' हा शब्द माझा आहे. इंग्रजी फॉर्मवर तो नव्हता. तिथे झोपायची वेळ आणि उठायची वेळ एवढंच होतं. हिंदीत आणताना मला ते फार कोरडं वाटलं, म्हणून मी 'रात' घातला. मी मयूर विहारच्या एका सोसायटीत वाढले. तिथे माणसं रात्री झोपतात. फाटकावर बसतो तो सोडून. तो मला त्या वेळी आठवला नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी पुष्कळ लोकांना नावं ठेवणार आहे.

आमच्या घरात फर्निचर नंतर आलं, पत्रकं आधी. बाबा विदर्भातून दिल्लीत आले ते सरकारी कार्यालयात कारकून म्हणून. जयंती असो, मोर्चा असो, वसतिगृहाचा प्रश्न असो, पत्रक लिहायचं काम आपसूक त्यांच्याकडे यायचं. मी अक्षरं त्यांच्या कच्च्या प्रतींवर शिकले. संध्याकाळी आई, बाबा आणि मी फरशीवर बसून घड्या घालायचो आणि पोळ्यांसारखी चळत लागायची. बाबांचे नियम दोनच. एका पत्रकात एकच मागणी. आणि खाली नाव. "नाव नसलेलं पत्रक म्हणजे संडासाच्या भिंतीवरचा मजकूर," ते म्हणायचे.

अशा घरातून मी नोएडातल्या एका खासगी रुग्णालयाच्या झोपेच्या विभागात तंत्रज्ञ म्हणून लागले. एक नवं शास्त्र आपल्या डोळ्यांसमोर उभं राहणार याचा मला खराखुरा आनंद झाला होता. काम सोपं नव्हतं, पण मला आवडायचं. माणसाच्या डोक्याला, हनुवटीला, डोळ्यांच्या कडेला तारा चिकटवायच्या आणि पडद्यावर उमटलेली झोप तीस-तीस सेकंदांच्या पानांत वाचायची. हे पान जागं, हे झोपेचं, हे स्वप्नाचं. एका माणसाची एक रात्र म्हणजे जवळजवळ हजार पानं. इतक्या बारकाईने कुणी कुणाला वाचत नसेल.

विभागाचे प्रमुख पुण्याचे. माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी खूश झाले. "चला, आपलं माणूस मिळालं. मूळ कुठले तुम्ही?" मी जिल्हा सांगितला, आडनाव सांगितलं. "अच्छा, अच्छा," सर म्हणाले. दुसरा अच्छा पहिल्यापेक्षा थोडा लांब होता. त्यानंतर ते माझ्याशी कायम चांगलेच वागले, हे मुद्दाम नोंदवते. वाईट वागणाऱ्या माणसाची किळस येणं सोपं असतं.

विभाग नवा होता, कारण विषयच नवा होता. झोप नक्की कुणाची, यावर रुग्णालयात भांडण होतं. छातीवाले म्हणायचे, श्वास अडकतो म्हणजे ती आमची. नाक-कान-घसावाले म्हणायचे, घोरणं घशात असतं. मेंदूवाले म्हणायचे, झोप डोक्यात लागते. मला सहा महिने वाटत होतं की हे भांडण ज्ञानाचं आहे. मग कळलं की रात्री तोंडावर लावायचं श्वासाचं मशीन कुणी लिहून द्यायचं, याचं आहे. दोन दिवसांच्या शिबिराला बसलं की प्रमाणपत्र मिळायचं. प्रमाणपत्राला चौकट, चौकट दवाखान्याच्या भिंतीवर, आणि झाला माणूस झोपेचा तज्ज्ञ. शिबिरातली पिशवी, पेन, पनीर टिक्का सगळं मशीन कंपनीचं. शिकवायलाही बऱ्याचदा कंपनीचाच माणूस उभा राहायचा.

सरांना हे खुपायचं. ते भाषणाची सुरुवात नेहमी एकाच विनोदाने करायचे, "डॉक्टरकीच्या सगळ्या वर्षांत मला झोपेवर एक तास शिकवला, आणि त्या तासाला मी झोपलो होतो." लोक हसले की गंभीर व्हायचे. "निरोगी भारतीय माणूस कसा झोपतो हे आपल्याला माहीतच नाही. आपण गोऱ्या माणसाच्या झोपेने आपला आजार मोजतो." हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. बाबांच्या पत्रकात शोभलं असतं.

त्यातूनच आमचा अभ्यास निघाला. निरोगी भारतीयांच्या झोपेचं कोष्टक करायचं, देशभरच्या विभागांनी त्यावर आपले रुग्ण ताडून बघायचे. त्यासाठी निरोगी माणसं हवी होती. आजूबाजूच्या सेक्टरांमधल्या आयटी कंपन्यांत पोस्टर लावली. तिथल्या पुण्या-मुंबईच्या मुलांनी नावं दिली आणि ऐन दिवशी कळवलं, मीटिंग आहे. रात्रीच्या खाटा रुग्णांना लागायच्या. मग सरांनी रात्रीची नोंदच वगळली. त्या जागी आठवडाभराच्या झोपेचा फॉर्म, तोच माझा, आणि दिवसाची चाचणी.

दिवसाची चाचणी साधी असते. माणसाला दिवसभरात दर दोन तासांनी, एकूण पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत आडवं करायचं आणि झोपायला सांगायचं. किती मिनिटांत झोप लागते ते मोजायचं. झोप लागली की पंधरा मिनिटांनी उठवायचं. मधल्या वेळात अजिबात झोपू द्यायचं नाही. ज्याची झोप पुरी झालेली आहे त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, कधी लागतच नाही. ज्याला पडल्या पडल्या लागते, त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं.

माणसं शेवटी तळघरातून आली. रुग्णालयाचे सुरक्षारक्षक ज्या कंत्राटदाराकडून यायचे, त्याच्या तिथे बसणाऱ्या सुपरवायझरने यादीच पाठवली. यादीवर 'स्वेच्छा से' असं लिहिलं होतं, सगळ्यांच्या वतीने, एकाच अक्षरात. फॉर्मही त्यानेच खाली भरून घेतले आणि गठ्ठा वर आला. सोने का समय नौ बजे, उठने का समय चार बजे. पुढचा फॉर्म, नौ, चार. मी आकडे संगणकात भरत गेले. शिस्तीची माणसं आहेत, असंही मनात आलं.

सर हरखले. "बघ, रात्री नऊला झोपतात, पहाटे चारला उठतात. सात तास. आणि दिवसा आडवं केलं की दोन मिनिटांत झोप. तिकडच्या पुस्तकाप्रमाणे हा आजार. पण ही माणसं आजारी आहेत का? ठणठणीत आहेत. म्हणजे पुस्तक आपल्याला लागू नाही. आपला कष्टकरी माणूस पटकन झोपतो, हेच आपलं नॉर्मल." परिषदेसाठी सारांश गेला. लेखकांच्या ओळीत शेवटून दुसरं माझं नाव होतं. मी बाबांना फोटो पाठवला. बाबांनी तो सोसायटीतल्या तिघांना दाखवला.

मग एका सकाळी ती आली. इमर्जन्सीच्या फाटकावरची गार्ड, पस्तिशीची असेल. निळा शर्ट, खिशावर शिट्टीची दोरी. कानामागे तार चिकटवताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, कल रात कैसी नींद आई.

"रात को? रात को तो ड्यूटी थी, दीदी. अभी उतरी हूँ, सीधे ऊपर आ गई."

मी फॉर्म उघडला. "इसमें तो नौ बजे लिखा है."

"हाँ, तो नौ बजे ही सोती हूँ. सुबह नौ." माझ्याकडे बघून ती हसली. "रात नौ बजे सोऊँगी तो गेट कौन देखेगा, आप?"

माझ्या बोटाला पांढरी पेस्ट लागलेली होती. ती मी बराच वेळ पुसत राहिले.

त्या क्षणी चाचणी थांबवायला हवी होती. मी तसं म्हणालेही. पण ती ऐकेना. "नहीं दीदी, आज ही कर दो. डॉक्टर साहब ने कहा है, टेस्ट दे दो, फिर देखेंगे." तिला सरांकडून चिठ्ठी हवी होती, हिला दिवसपाळी द्या अशी. दिवसपाळी मागून मिळत नव्हती, कारण दिवसा फाटकावर तरुण मुली ठेवायचा रिवाज होता. आणि तिची घाई अशी, की तिचे दोन फोटो झाले होते.

गार्ड डुलकी घेताना दिसला की सुपरवायझर फोटो काढतो आणि सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. ग्रुपचं नाव 'अलर्ट टीम'. तीन फोटो झाले की माणूस घरी. "पहले वाले में अच्छी आई हूँ," ती म्हणाली. "दूसरे में मुँह खुला है. मेरी लड़की बोली, मम्मी, मच्छर चला जाएगा."

पहिल्या डुलकीला मी दिवा घालवला आणि भिंतीतल्या स्पीकरवरून ठरलेलं वाक्य म्हटलं, "आराम से लेटिए, आँखें बंद कीजिए और सोने की कोशिश कीजिए." पहिलं पान जागं होतं. दुसरं अर्धं. मग झोप, खोल, विहिरीत दगड पडावा तशी. पंधरा मिनिटांनी उठवलं तेव्हा तिने आधी शिट्टी चाचपली.

मधल्या वेळात तिला जागं ठेवणं हे माझं काम. मी बोलत राहिले, ती डोळे ताणत उत्तरं देत राहिली. रात्रभर जागलेल्या बाईला दर दोन तासांनी पंधरा मिनिटं झोपू द्यायचं आणि ओढून बाहेर काढायचं, याला आम्ही प्रोटोकॉल म्हणत होतो.

तिसऱ्या डुलकीच्या वेळी मशीन कंपनीचा प्रतिनिधी आला. परिषदेच्या दालनासाठी त्याला फोटो हवा होता. तो दार किलकिलं करून आत गेला. संमतीपत्रावर फोटोच्या चौकटीत खूण आधीच छापलेली होती. ती गणवेशातच झोपली होती, कारण तो दिवस सुपरवायझरने ड्यूटीत धरला होता आणि गणवेशाशिवाय हजेरी लागत नसे. मी दारात उभी होते. मी त्याला अडवलं नाही. उलट म्हणाले, "तार ठीक से आने दीजिए." माझं काम नीट दिसावं म्हणून.

संध्याकाळी मी सरांकडे गेले. ते संत्रं सोलत होते.

"सर, नऊ म्हणजे सकाळचे नऊ. ती रात्रभर ड्यूटीवर असते. बाकीचेही तसेच असणार."

त्यांनी फॉर्म वाचला. "इथे 'रात' कुणी घातलं?"

"मी."

"हं." एक साल अखंड निघाली, ती त्यांनी टेबलावर ठेवली. "काही दिवसपाळीचेही असतील. कॉन्फरन्स झाली की बघू."

"आणि तिची चिठ्ठी?"

"अगं, चिठ्ठी दिली की ती आजारी ठरली. आजारी माणूस निरोगी नमुन्यात कसा ठेवायचा? आणि एकीला दिली की सगळे रांगेत येतील."

"म्हणजे ती निरोगी राहावी म्हणून तिला चिठ्ठी द्यायची नाही?"

"तू ना, पत्रकासारखं बोलतेस." ते चिडले नव्हते. "हे फील्ड उभं राहायला आयुष्य गेलं माझं. आता कुठे लोक ऐकायला लागलेत. एका फॉर्मवरून सगळं पाडायचं? घे."

त्यांनी एक फोड पुढे केली. मी ती घेतली आणि खाल्ली. आजही संत्रं सोललेलं दिसलं की माझ्या तोंडात ती फोड फिरते.

आठवड्याने रुग्णालयाच्या पानावर तो फोटो आला. निळा शर्ट, खिशावर शिट्टी, कपाळावर माझ्या नीट लावलेल्या तारा. खाली ओळ होती, 'हमारे रक्षक भी सोते हैं चैन की नींद.' सुपरवायझरने तो उचलून 'अलर्ट टीम'वर टाकला आणि एकच शब्द लिहिला, तीसरा. हजेरीत ती त्या दिवशी ड्यूटीवर होती. गणवेशात होती. झोपलेली होती. त्याच्या दृष्टीने काही चुकलं नव्हतं.

तिने मला फोन केला. रडत नव्हती. "दीदी, आपने ही तो कहा था, सो जाइए."

मी सरांना म्हटलं, कंत्राटदाराला एक फोन करा, एवढंच सांगा की झोपायला आम्ही सांगितलं होतं. सर म्हणाले, "तो वेगळा विषय आहे. त्यांच्या मॅनपॉवरशी आपला संबंध नाही." यादी मागवताना होता. मी स्वतः सुपरवायझरकडे गेले, तेव्हा तो खुर्चीवरून न उठता म्हणाला, "मैडम, नींद तो नींद है. आपके यहाँ हो या हमारे यहाँ."

त्या रविवारी बाबा मला कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला घेऊन गेले. मी पत्रकाचा मसुदा नेला होता. त्यांनी चष्मा लावला, पिठल्याचं ताट बाजूला सारलं.

"किती मागण्या आहेत?"

"पाच."

"म्हणजे एकही नाही." त्यांनी पेन काढलं आणि खोडत गेले. मशीन कंपनी गेली, प्रमाणपत्रं गेली, कंत्राटदारही गेला. एकच उरली. फॉर्मवरचे नऊ म्हणजे सकाळचे नऊ, या माणसांची झोप निरोगी म्हणून छापू नका, कोष्टक मागे घ्या.

"कंत्राटदार का खोडला, बाबा?"

"डॉक्टर तिथे बसलेत, कंत्राटदार नाही. ज्याच्या हातात कागद देणार, त्याच्याकडेच मागायचं." मग पुन्हा वाचलं. "'रात' तू लिहिलंस, हे कुठे आहे यात?"

"नाही घातलं."

"मग खाली नाव कशाला घालतेस?" असं म्हणून त्यांनी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले.

मी ती ओळ घातली. सगळ्यात वर.

परिषदेच्या सकाळी मी ते पत्रक घडी घालून प्रत्येक पिशवीत सरकवलं. पिशव्या कंपनीच्या, त्यांवर ढगावर झोपलेलं बाळ. मला वाटत होतं गदारोळ होईल, मला बाहेर काढतील. निदान कुणी पत्रक फाडेल. बाबांच्या तरुणपणी फाडायचे, आणि बाबा ते अभिमानाने सांगतात.

सर मंचावर आले, झोपलेल्या तासाचा विनोद केला, लोक हसले. मग त्यांनी माझं पत्रक वर धरलं. "माझ्या एका तरुण सहकारी मुलीने या अभ्यासाची एक मौल्यवान मर्यादा दाखवून दिली आहे. असं धाडस आपल्या क्षेत्राला हवं." टाळ्या पडल्या. माझ्याकडे बोट दाखवलं, पुन्हा टाळ्या. मर्यादा कोष्टकाच्या तळाशी बारीक अक्षरात जाईल, असं त्यांनी सांगितलं. कोष्टक मात्र तसंच राहील. शिवाय आता रात्रपाळीच्या कामगारांचा स्वतंत्र अभ्यास सुरू होईल, आणि त्याला साहाय्य मिळालं आहे. साहाय्य देणारा पहिल्या रांगेत बसला होता. त्यानेच तो फोटो काढला होता.

शिवी पचवता येते. टाळ्या घशाशी येतात.

चहाच्या वेळी लोकांनी कप माझ्या पत्रकावर ठेवले होते. गोल डाग पडत होते. सर जवळ आले, खांद्यावर थोपटलं. "छान लिहितेस. ऐक, नव्या स्टडीला त्याच लोकांना परत बोलावता येईल ना? त्यांची पहिली नोंद आहेच आपल्याकडे."

"सर, माझं नाव कोष्टकावरून काढा."

"वेडी आहेस का? पुढे तुझ्याच उपयोगाचं आहे."

"काढा. पत्रकाखाली आहे, तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. त्याने कुणाचं काही अडलं नाही. माझ्या जागी आलेली मुलगी तारा छान लावते असं ऐकते. निघण्यापूर्वी मी एकच गोष्ट केली, फाटकावरच्या त्या गार्डच्या पाचही डुलक्यांची नोंद छापून घेतली. तिची नोंद तिला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही, हे संमतीपत्रात शेवटच्या पानावर होतं. ते पान कुणी वाचत नाही.

तिला ग्रेटर नोएडातल्या एका उंच सोसायटीच्या फाटकावर काम मिळालं होतं. पुन्हा रात्रपाळी. मी सकाळी मेट्रोने आणि मग शेअर ऑटोने पोचले तेव्हा ती ड्यूटी संपवून रजिस्टरवर सही करत होती. मी कागद दिला.

"इसमें क्या लिखा है?"

"कि आप पाँचों बार एक-डेढ़ मिनट में सो गईं. और यह ठीक नहीं है."

"यह तो मुझे मालूम था," ती म्हणाली. कागद उलटून मागे बघितलं. मागे कोरा होता. "इस पर डॉक्टर साहब की साइन नहीं है?"

"नहीं."

तिने मान हलवली. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, पण तिनेच विषय बदलला. "यहाँ अच्छा है, दीदी. यहाँ फोटो नहीं खींचते."

"सच?"

"कुर्सी ही नहीं देते."

मी फाटकाकडे बघितलं. खरंच नव्हती. काचेची केबिन, पंखा, रजिस्टर ठेवायला उंच फळी. बसायला काही नाही. आतून मुलांच्या शाळेच्या बसगाड्या निघत होत्या आणि नवा गार्ड प्रत्येक गाडीला सलाम ठोकत होता.

तिने कागदाची चौघडी केली आणि खिशात, शिट्टीच्या मागे ठेवली. ऑटो भरत आली होती. "चलती हूँ," ती म्हणाली, "नौ बजने वाले हैं."